मागच्या खोलीची खिडकी

१

लेकीने आधी खिडकीतूनच पाहिलं.

रोज सकाळी ती अंगणातून यायची, काचेवर टकटक करायची, आतून तात्या हात हलवायचे आणि मग ती वळसा घालून पुढच्या दाराने आत शिरायची. त्या दिवशी टकटक केली, पण आतून हात हलला नाही. तिने काचेला कपाळ टेकवलं. तात्या आरामखुर्चीत होते. मान छातीवर टेकलेली, एक हात खुर्चीबाहेर लोंबकळलेला. खोलीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड होता, तरी सदऱ्याचं वरचं बटण उघडं राहिलेलं तिला दिसलं. डोळा लागला असेल, असं आधी वाटलं. तिने तळहाताने काच बडवली. तात्या हलले नाहीत.

मग मात्र ती ओरडत धावली.

इमारत लांबट होती. रस्त्याकडे वाद्यांचं दुकान, त्याच्यामागे तात्यांची व्हायोलिन दुरुस्तीची कार्यशाळा आणि सगळ्यात मागे ही खोली. बायको गेल्यापासून तात्या तिथेच राहायचे. पुढचं दुकान त्यांचा धाकटा भाऊ चालवायचा. सगळा बाजार त्याला 'धाकटे' म्हणूनच ओळखायचा. धाकट्यांनी नुकतंच शटर वर केलं होतं. पुतणीचा आवाज ऐकून ते आत पळाले. ती मागोमाग पोचली, तेव्हा ते भावाला काखेत धरून कार्यशाळेत ओढून आणत होते.

"हीटर! गॅसचा हीटर रात्रभर पेटलेला होता! मी बंद केलाय, खिडकी उघडलीय. तू आत जाऊ नकोस. अँब्युलन्सला फोन कर आधी!"

तात्या जिवंत होते, पण श्वास चालू आहे म्हणून जिवंत म्हणायचं एवढंच. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनला होता. त्या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो कधी गाठतो ते कळतही नाही. शुद्धीवर येतील का, याचं उत्तर डॉक्टर देईनात. संध्याकाळच्या आत पोलिसांनी हीटर बसवणाऱ्या फिटरला घरून उचललं.

दुसऱ्या दिवशी गॅस कंपनीने आपली तपासनीस पाठवली. गॅसमुळे कोणाच्या जिवावर बेतलं की या बाई यायच्या. अंगाने आडव्या, पायात रबरी बूट, खांद्याला जड पिशवी. बोलणाऱ्याचं सगळं ऐकून घ्यायच्या, पण मान कोणासाठीच डोलवायच्या नाहीत.

"कंपनीची कातडी वाचवायला आलात ना?" लेकीने दारातच विचारलं.

"पगार त्याचाच घेते," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण वाचवण्यासारखी आहे का, ते आधी बघू दे."

हीटर खिडकीसमोरच्या भिंतीवर पक्का बसवलेला होता. धूर बाहेर नेणारं नळकांडं त्याला नव्हतं. जे काही जळेल, ते खोलीतच उतरणार. म्हणूनच भिंतीत एक वर आणि एक खाली अशा हवेच्या दोन जाळ्या होत्या. दोन्हींत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, कोंबलेली होती. व्हायोलिनच्या पेटीला आतून लावतात ती. ढीगभर तुकडे कार्यशाळेत पडले होते, तेवढेच दुकानात.

बाईंनी बनात उपसली, खिडकी सताड उघडली, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. कुठेही बुडबुडा फुटला नाही. मग त्यांनी हीटर पेटवला. ज्योत निळी आणि स्थिर. पिवळेपणाचा मागमूस नाही, काजळीचा डाग नाही. पिशवीतलं यंत्र त्यांनी ज्योतीच्या वर धरलं. काटा जागचा हलेना.

त्यांनी यंत्र बंद करून पिशवीत टाकलं.

"विचित्रच आहे," त्या लेकीला म्हणाल्या. "एवढा सज्जन हीटर मी फार दिवसांनी पाहतेय."

२

फिटर चौकीतल्या बाकावर बसला होता आणि रात्रभर जागूनही त्याच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

"माझ्या हातून? अहो, मला त्या घरात सगळे कटकट्या म्हणायला लागले होते! त्यांना हीटर कार्यशाळेत हवा होता. मी नाही म्हटलं. तिथे लाकडाचा भुसा उडतो, तो बर्नरमध्ये बसला की ज्योत पिवळी झालीच म्हणून समजा. शिवाय व्हार्निशचे डबे उघडे. मागच्या खोलीत बसवतो म्हटलं, पण आधी भिंतीत जाळ्या. तर धाकटे म्हणतात, भिंतीची चाळण कशाला करतोस?"

"मग?"

"मग मी सामान उचलायला लागलो. तात्याच म्हणाले, पाड बाबा भोकं. गेल्या आठवड्यात सगळ्यांना उभं करून समजावलं. पेटवाल तेव्हा खिडकी बोटभर उघडी ठेवा. जाळ्या झाकू नका. पडदा, खुर्ची, कपडे लांब ठेवा. झोपायच्या आधी बंद करा. डोकं दुखलं, मळमळलं, तर बाहेर पळा आणि मला बोलवा."

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?"

"तात्या, त्यांची लेक, धाकटे आणि तो अबोल कारागीर. खोली बंद करून झोपलात तर सकाळी उठणार नाही, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं मी." फिटर पुढे वाकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी धोका सांगत होतो हो. कोणी तरी तो उपाय म्हणून ऐकला."

फौजदार टेबलामागून हसले. "बाई, कादंबरी नको. म्हाताऱ्याला वारा लागला, त्याने स्वतःच भोकं बुजवली, हीटर लावून झोपला. थंडीत म्हातारी माणसं काय करतील याचा नेम नाही."

"असेल तसंही," तपासनीस बाई म्हणाल्या. "पण त्या हीटरमध्ये सेन्सर आहे. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की तो स्वतःच ज्योत विझवतो. पटत नसेल तर करून दाखवेन. धाकटे म्हणतात, सकाळीही तो पेटलेलाच होता. बंद खोलीत रात्रभर."

"मग सेन्सर बिघडलेला असेल."

"मी तपासलाय. ठणठणीत आहे."

फौजदारांचं हसू जरा आक्रसलं. "म्हणजे तुमचं म्हणणं काय? माणूस विषारी वायूने पडला, खोलीत गॅसचा हीटर आहे आणि वायू हीटरचा नाही?"

"माझं म्हणणं अजून काहीच नाही," बाई उठत म्हणाल्या. "माझे नुसते प्रश्न आहेत. आणि त्या घरातलं प्रत्येक माणूस मला अर्धंच सांगतंय."

३

लेकीने अर्धं सांगितलं होतं ते असं की, आदल्याच आठवड्यात तिचं आणि तात्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांनी हे सगळं सोडून आपल्या घरी राहायला यावं, असा तिचा हट्ट. तात्यांचं एकच पालुपद, हात चालतायत तोवर नाही. शेवटी तिनेच हीटर विकत आणून दिला.

"म्हणजे मीच मारलं त्यांना," ती म्हणाली. "हेच ऐकायचंय ना तुम्हाला?"

"नाही. खिडकीतून काय दिसलं ते ऐकायचंय. पुन्हा सांगा. काहीही गाळू नका."

लेकीने सांगितलं. मान, हात, सदऱ्याचं बटण.

"समोरच्या भिंतीवर हीटर होता. त्याच्या जाळीची लाली दिसली?"

लेकीने डोळे मिटले. "नाही. असती तर तात्यांच्या तोंडावर उजेड पडला असता ना? तोंड काळवंडलेलं दिसत होतं. अंधारामुळे." मग तिने डोळे उघडले. "का हो?"

"सहज," म्हणून बाई कार्यशाळेत गेल्या.

कारागीर एका व्हायोलिनची मान घासत बसला होता. वयाने पन्नाशीचा, तात्यांच्या हाताखालीच केस पिकवलेला माणूस. बाईंनी विचारलेल्या प्रश्नांना तो तुटक उत्तरं देत होता आणि एकदाही वर बघत नव्हता. रोज शटर कोण उघडतं? धाकटे. तात्यांखेरीज किल्ली फक्त त्यांच्याकडे. धाकटे येईपर्यंत मी बाहेर फुटपाथवर उभा असतो. मागे अंगणातून दार आहे का? नाही, नुसती खिडकी, तिला गज. त्या सकाळी? मी आलो तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती.

बाईंची नजर खोलीभर फिरत होती. सगळ्यावर भुशाचा पिवळसर थर होता. वाकस, रंधे, बरण्या, कपाटाचा माथा. फक्त कोपऱ्यातल्या मोठ्या धुराड्याखाली ठेवलेल्या लोखंडी शेगडीवर धुळीचा कण नव्हता. बाई खाली बसल्या. शेगडीवर नारिंगी रंगाचा कोवळा गंज चढला होता. बोट लावलं तर बोटाला आला.

"ही कशाला वापरता?"

"लाकूड वाकवायला सळई तापवावी लागते. कोळशावर. धुराड्याखालीच. पण हल्ली ते काम नव्हतं. बरेच दिवस पेटवली नाही."

"मग धुतलीत कशाला?"

कारागिराचा हात थांबला. पहिल्यांदाच त्याने वर पाहिलं. "मी? मी नाही धुतली. शेगडी कोणी धुतं का? राख झटकायची नि ठेवून द्यायची. पाणी लावलं तर गंजते." बोलता बोलता त्याची नजर शेगडीवर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर त्याने तोंडाला जे कुलूप लावलं, ते काही केल्या उघडेना.

दुकानात धाकट्यांनी बाईंसाठी चहा मागवून ठेवला होता. माणूस गोडबोल्या. तात्यांचं नाव काढताच डोळे पाणावायचे, फिटरचं नाव काढताच मुठी वळायच्या.

"फासावर चढवा त्याला. पोटाच्या पोरासारखं वाढवलं हो मला तात्याने. आई-वडील गेले तेव्हा मी केवढासा होतो!"

"आदल्या संध्याकाळी तुमची भेट झाली होती?"

"झाली की. नेहमीच्या गप्पा. दुकान बंद केलं, घरी गेलो. त्यानंतर पोरीची किंकाळी ऐकेपर्यंत त्या खोलीत माझं पाऊलही पडलं नाही. पोलिसांना तसं लिहून दिलंय मी."

"आणि आत गेलात तेव्हा काय पाहिलंत?"

"हीटर लालभडक पेटलेला. हवा कोंदटलेली. जीव घुसमटला माझा."

"खिडकीच्या काचा कशा होत्या?"

धाकट्यांनी क्षणभर विचार केला. "धुकट. पाणी ओघळत होतं नुसतं. माझ्या घरीही असाच हीटर आहे ना, रोज सकाळी काचा पुसाव्या लागतात आम्हाला."

"बरोबर आहे," तपासनीस बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात दुकानात एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे. त्यांना बघताच धाकटे लगबगीने उठले, काउंटरखालून एक काळी पेटी काढली. "या, या. तुमचं वाद्य तयार आहे. घेऊन जा. तात्यांचं हे असं झालं, पण तुमचा खोळंबा नको."

वादकांनी पेटीला हात लावला नाही.

"तात्यांचा मला फोन आला होता," ते म्हणाले. "ते पडले, त्याच्या आदल्या संध्याकाळी. म्हणाले, उद्या या, पण मला भेटल्याशिवाय वाद्य ताब्यात घेऊ नका. आवाज कसासाच होता त्यांचा. काल आलो, तर दुकान बंद."

धाकट्यांच्या हातातली पेटी काउंटरवर जरा जोरातच टेकली.

४

"आत बॅटरीचा उजेड टाकून बघा," तपासनीस बाई कारागिराला म्हणाल्या.

पेटी त्यांनी वादकांच्या परवानगीने कार्यशाळेत आणली होती. दार लावून घेतलं होतं. आत तिघंच. बाई, वादक आणि कारागीर.

"हे माझ्या आजोबांचं वाद्य," वादक सांगत होते. "मी तरुण असताना ते जिन्यावरून पडलं, तेव्हा तात्यांनीच आतून लाकडाची पट्टी चिकटवली होती. हळदीच्या पिवळ्या रंगाचं लाकूड. म्हणाले होते, बाहेरून जन्मात कळणार नाही कोणाला."

कारागिराने वाद्य हातात घेतलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"पट्टी नाही त्यात," तो म्हणाला.

"न बघता सांगताय?"

"बघायचं काय? मीच बनवलंय ते."

मग त्याचं कुलूप उघडलं. धाकट्यांनीच त्याला सांगितलं होतं, हे जुनं वाद्य दुरुस्तीला आलंय, हात बसावा म्हणून हुबेहूब नक्कल कर, तात्यांना शेवटी दाखवू, चकित होतील. त्याने जीव ओतला. रंग, ओरखडे, हनुवटीने झिजलेली कड, सगळं उतरवलं. तात्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दोनेक महिने लेकीकडे गेले होते, त्या काळात काम झालं. मग एके दिवशी धाकटे म्हणाले, नक्कल नीट झाली नाही, मोडून टाकली.

"मला वाईट वाटलं, पण मी खरं मानलं. परवा संध्याकाळी निघताना आतून तात्यांचा आवाज आला. ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हणत होते, माझी पट्टी कुठाय यातली? खरं वाद्य कोणाला विकलंस? सकाळी त्यांना तोंडाने सांग, नाहीतर मी सांगतो. धाकटे रडत होते. मी तसाच निघालो. मला वाटलं, भावाभावांचं आहे, आपण कशाला मध्ये? आणि नक्कल माझ्या हातची. कोण विश्वास ठेवणार होतं माझ्यावर?"

वादकांनी पेटीचं झाकण मिटलं. त्यांच्या आजोबांचं खरं वाद्य कोणाला विकलं गेलं, ते कारागिरालाही ठाऊक नव्हतं.

"शेगडीचं कळलं तेव्हा तुमचा चेहरा का उतरला?" बाईंनी विचारलं.

कारागिराने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "कोळशाची गोणी. तोंड बांधून ठेवलेली होती. काल बघितली तर सुटलेली."

तपासनीस बाईंनी दार उघडलं. बाहेर दाराला चिकटून धाकटे उभे होते. हातात रिकामा चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर हसू तसंच टांगलेलं होतं.

"झालं का बोलणं?" त्यांनी विचारलं.

५

दुपारी ऊन पडलं होतं, तरी बोचरी थंडी हटली नव्हती. अंगणात तपासनीस बाईंनी सगळ्यांना खिडकीसमोर उभं केलं. फौजदार, लेक, कारागीर, धाकटे. फिटरलाही चौकीतून आणवलं होतं. खोली रिकामी होती. जाळ्यांत बनात परत कोंबलेली, खिडकी लावलेली, आरामखुर्ची जागेवर आणि तिच्या पाठीवर फिटरची टोपी. हीटर पेटवून बाई बाहेर आल्या होत्या आणि दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं होतं. कोणी आत जायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

"टोपी दिसतेय?"

"दिसतेय," फौजदार कंटाळून म्हणाले. "हीटरची लालीही दिसतेय. पुढे?"

"पुढे थांबायचं."

थोड्या वेळाने काचेच्या खालच्या कडेला वाफेची रेघ उमटली. ती वर सरकू लागली, आधी सावकाश, मग भराभर. टोपी धूसर झाली, मग डाग झाली, मग गेली. लाली तेवढी धुक्यातल्या दिव्यासारखी राहिली. काचेच्या आतून पहिला ओघळ खाली उतरला.

"गॅस जळला की पाणी तयार होतं," बाई म्हणाल्या. "नळकांडं नसलं, तर ते पाणी खोलीतच राहतं आणि थंड काचेवर बसतं. आत्ता सगळं मिळून केवढा वेळ झाला असेल? आणि हा हीटर म्हणे रात्रभर चालू होता. ताई, आत काय दिसतंय सांगा."

लेक काचेजवळ गेली. कपाळ टेकवलं. "काहीच नाही," ती म्हणाली. मग ती झटकन मागे वळली. "पण मी तर... मला तर त्यांच्या सदऱ्याचं बटण दिसलं होतं!"

धुक्यामागची लाली फिकी पडत गेली आणि विझली.

"सेन्सर!" फिटर आनंदाने ओरडला. "बाई म्हणाल्या तसंच, विझवला त्याने!"

"तर मग हीटर पेटलेला होता, हे कोणी पाहिलं?" बाई फौजदारांकडे वळल्या. "मी सगळ्यांना विचारलं. लेकीने नाही पाहिला. तिला लालीसुद्धा दिसली नाही. कारागीर तिथे नव्हता. सबंध गावात एकाच माणसाने पाहिला."

सगळ्यांच्या माना धाकट्यांकडे वळल्या.

"काच मी पुसली असेन," धाकटे म्हणाले. "गडबडीत."

"तुम्ही आत जायच्या आधी लेकीने पाहिलं होतं."

"मग तात्यानेच खिडकी किलकिली ठेवली असेल. म्हणून वाफ धरली नसेल."

"खिडकी तुम्ही उघडलीत, असं तुम्हीच म्हणालात. आणि ती आधीच उघडी असती, तर वायू साठला नसता. खिडकी उघडी होती असं म्हणाल, तर तात्या पडायला नकोत. बंद होती म्हणाल, तर काच कोरडी राहायला नको. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही, धाकटे. तात्यांनी हीटर झोपायच्या आधी बंद केला होता. त्यांना सांगितलं होतं, तसाच."

"मग वायू आला कुठून?" फौजदारांचा आवाज आता वेगळा होता.

"कोळशातून. धुमसता कोळसा भरपूर विष सोडतो, पण पाणी जवळजवळ नाहीच. काच कोरडीच राहते. शेगडी कोणी तरी नुकतीच धुतलीय आणि ज्याचा शेगडीशी रोजचा संबंध आहे, तो ती कधीच धुणार नाही. रात्री ती आत ठेवायला आणि पहाटे बाहेर काढायला दुकानाच्या शटरची किल्ली लागते. हीटर खरंच पेटवून ठेवला असता तर सगळं बेमालूम झालं असतं, पण त्या हवेत तो पेटलाच नसता आणि पेटवत बसायला तिथे श्वासही घेता आला नसता. म्हणून तो नुसता बोलण्यातच पेटवला."

धाकटे हसले. हसू वेडंवाकडं होतं. "वाफेवर फाशी देणार मला? शेगडी कोणीही धुतली असेल. नक्कल याने बनवली. भांडणही हाच सांगतोय. मी त्या रात्री त्या खोलीत गेलो, हे पाहणारं कोण आहे?"

फौजदारांनी धाकट्यांना गाडीत बसवलं खरं, पण निघताना ते बाईंच्या कानाशी आले. "बरोबर आहे तुमचं. पण तो म्हणतो तेही खोटं नाही. पाहणारं कोणी नाही. चांगला वकील मिळाला तर सुटेल."

लेकीचा फोन वाजला. इस्पितळातून होता. तात्यांनी डोळे उघडले होते.

६

तात्यांचा आवाज खोल गेला होता. शब्द सावकाश यायचे, मधेच हरवायचे. डॉक्टर म्हणाले होते की त्या दिवसाचं फारसं काही आठवणार नाही, आठवावं म्हणून छळू नका.

खरंच आठवत नव्हतं. वादकांना केलेला फोन आठवत नव्हता. भांडण आठवत नव्हतं. पिवळ्या पट्टीचं नावही त्यांनी काढलं नाही. लेक उशाशी बसून हात चोळत होती. तपासनीस बाई पायथ्याशी, फौजदार दारात.

"काही त्रास झाला का तात्या तुम्हाला? भीती वाटली?" लेकीने विचारलं.

"छे ग." तात्या थोडं हसले. "उलट बरं वाटलं. हीटर बंद करून खुर्चीत वाचत बसलो असणार, तिथेच झोप लागली. चष्मा नाकावरच. मधेच अर्धवट जाग आली. धाकटा होता. हळूच माझा चष्मा काढला त्याने, घडी घालून स्टुलावर ठेवला, दिवा मालवला. लहान असताना मी त्याच्या हातातलं पुस्तक असंच काढून घ्यायचो, झोपमोड न करता. मला वाटलं, लक्षात आहे वाटतं याच्या. मग पुन्हा डोळा लागला."

दारात फौजदारांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

तात्यांनी मान वळवली. "आहे कुठे तो? आला नाही बघायला."

फौजदार पुढे सरकले. "तात्या, हे जरा पुन्हा एकदा सांगता? कोण आलं होतं खोलीत?"

"थांबा," लेक म्हणाली.

"ताई, एवढंच हवंय आम्हाला. ते शुद्धीवर आहेत तोवर—"

"म्हणूनच थांबा. हे कशासाठी विचारताय, ते त्यांना माहीत नाही. न सांगता त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं नाही."

फौजदारांनी तपासनीस बाईंकडे पाहिलं. बाईंनी या खेपेला मान डोलवली, लेकीच्या बाजूने.

लेकीने तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं. वाद्याचं, नकलेचं, कोळशाचं. कुठे काही सौम्य केलं नाही, कुठे वाढवलं नाही. सांगताना तिचा आवाज दोनदा फुटला, दोन्ही वेळा ती थांबली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे गेली.

तात्या छताकडे बघत ऐकत होते. बाहेरच्या पॅसेजमधून कोणाची तरी चाकांची खुर्ची गेली, तिचा आवाज लांब जाऊन विरला.

"तुला खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, तात्या."

"शेगडी ठेवायला आला होता तो. तेव्हाच चष्मा काढला."

"हो."

त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. ते त्यांनी पुसलं नाही. फौजदारांना खुणेने जवळ बोलावलं.

"लिहा," तात्या म्हणाले. "माझा धाकटा भाऊ रात्री माझ्या खोलीत आला होता. मी त्याला पाहिलं. चष्मा काढला होता तरी ओळखलं, म्हणावं. चाहुलीनेच ओळखलं."